शाकाहारी बाण

आयुष्यात एकही मुंगी न मारता शिकारीची एवढी जय्यत तयारी केलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. मुंगी हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. तोक्योत ओजिमाच्या त्यांच्या घरी एका उन्हाळ्यात साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, तेव्हा भावोजींनी तो डबा उघडा करून गॅलरीत ठेवला आणि "त्यांचं आटोपलं की आत घेऊ" असं ताईला सांगून ते शांतपणे बँकेत निघून गेले. घरात झुरळ दिसलं तर ते त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीत घ्यायचे, सुरळीची दोन्ही तोंडं हातांनी झाकायचे आणि लिफ्टने सात मजले खाली नेऊन झाडीत सोडून यायचे. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या जपानी आजी भेटल्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, सुरळीत काय नेताय. भावोजींना झुरळाचा जपानी शब्द येत होता, पण तो आजींना सांगावा की नाही याचा त्यांचा विचार पूर्ण होईपर्यंत तळमजला आला. अशा या माणसाने, रानडुकराच्या दिशेने जाणाऱ्या बाणाच्या शेपटाला कुठल्या जातीची पिसं लावावीत, या प्रश्नावर काही वर्षं खर्च केली.

भावोजींचा विचार ही काय चीज आहे, ते आधी सांगायला हवं. ते मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासत. एखाद्या कागदावर जहाजाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर ते जगात फक्त भावोजींना दिसायचं. ही सवय ते घरी घेऊन यायचे. चहाच्या पिशवीला दोरा लावायला जी बारीक पिन असते ती ते नखाने उचकटून धातूच्या कचऱ्यात टाकत, पिशवी जळणाऱ्या कचऱ्यात टाकत, आणि दोरा हातात धरून थोडा वेळ उभे राहत. छत्री घ्यायला गेले तर पावसाळा संपेपर्यंत भिजत. ताई सांगायची की तिला बघून गेल्यावर होकार कळवायला त्यांनी इतका वेळ लावला की आमच्या आईने दुसरी स्थळं बघायला घेतली होती. हा विषय निघाला की भावोजी अगदी गंभीरपणे खुलासा करायचे, "नकाराचा प्रश्नच नव्हता. होकार कुठल्या शब्दांत कळवावा, ते ठरत नव्हतं." शेवटी त्यांनी कळवलं होतं, "आमची हरकत नाही." एवढ्या विचाराअंती हे तीन शब्द निघाले, याचं ताईला अजून हसू येतं.

मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतल्या ओजिमा, फुनाबोरी, सगळ्या वस्त्यांतली आपली माणसं भराभर भारतात गेली. ताईही सईला घेऊन पुण्याला गेली. सई म्हणजे माझी भाची. ती तेव्हा तिथल्या जपानी शाळेत पहिलीत होती. भूकंप झाला तेव्हा ती शाळेतच होती, आणि भूकंपासाठी प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली जाड कापसाची टोपी डोक्यावर ओढून मैदानात बसली होती. भावोजींना जाता येईना, कारण बँकेची शाखा कुणीतरी उघडी ठेवायला हवी होती. मी तेव्हा फुनाबोरीला ऑफिसातल्या दोघांबरोबर राहत होतो. ते दोघे निघून गेले त्याच दिवशी भावोजींचा फोन आला. म्हणाले, "तू इकडे राहायला येतोस का? माझं वरण पातळ होतंय." मी संध्याकाळी ओजिमाला पोचलो. वरण खरंच पातळ होतं. मग आम्ही दोघांनी ते सुधारण्यात बरेच आठवडे काढले. घरात दोन पुरुष, दोघेही फारसे न बोलणारे. वीज वाचवायची म्हणून स्टेशनातले अर्धे दिवे बंद, सरकते जिने बंद, कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातसुद्धा, काळोखात दूध शोधायचं. भावोजींनी एकदाही म्हटलं नाही की घर खायला उठतं. फक्त सकाळी निघताना ते सईच्या छोट्या चपला फडक्याने पुसायचे आणि परत दाराशी नीट लावून ठेवायचे.

अशाच एका रविवारी आम्ही नदीच्या बाजूने चालत होतो. वॉर्डाच्या क्रीडासंकुलापाशी आलो तेव्हा आतून "ठक" असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच. भावोजी थबकले. त्या दिवसांत कुठलाही अनोळखी आवाज आला की सगळेच थबकत, पण भावोजी थबकले ते वेगळ्या कारणाने. "काहीतरी जिथे जायचं होतं तिथे गेलेलं दिसतंय," असं म्हणून ते आत शिरले. आत धनुर्विद्येचा वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, जेमतेम भावोजींच्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या, आणि आवाज मात्र पूर्ण मैदानाला पुरेल असा. सगळे त्यांना सेनसेई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी भावोजींच्या हातात सरावाचं धनुष्य दिलं, बाण लावून दिला आणि "सोडा" म्हणाल्या. भावोजी दोरी ताणून उभे राहिले. विचार करू लागले. सेनसेई वाट बघत राहिल्या. भावोजींचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला, तरी बाण सुटेना. शेवटी सेनसेई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतका वेळ धरून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. यांना यात गती आहे." मला वाटतं त्यांचा गैरसमज झाला होता. पण त्या गैरसमजाने भावोजींचं भलं केलं.

साधं निशाण, साधे बाण, यावर भावोजी समाधानी राहिले असते तर ते भावोजी कसले. सेनसेईंकडे बाणांच्या सुट्या भागांचे अमेरिकेतले जाडजूड कॅटलॉग होते. त्यांतला शिकारीच्या बाणांचा भाग उघडताच भावोजींना आपलं गाव सापडल्यासारखं झालं. दांडी किती ताठ, किती जड, टोक किती वजनाचं, दोरीत अडकणारी मागची खाच घट्ट की सैल, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे ती शेपटाला चिकटवायची प्लास्टिकची पिसं. कॅटलॉगात त्यांना 'व्हेन' म्हणतात. लांब, आखूड, उंच, बुटकी, मऊ, ताठ, आणि रंग विचारूच नका. सेनसेईंनी वेळीच सांगितलं, जपानात धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, करायची ती फक्त निशाणेबाजी. मला वाटलं भावोजी हिरमुसतील. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आता निर्धास्तपणे विचार करता येईल," ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं होतं, की मारायचं नाही तर शिकारीचाच बाण कशाला. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावून सांगितलं. "साध्या निशाणाच्या बाणाला काय, चुकला तर चुकला. शिकारीच्या बाणाची जबाबदारी मोठी. तो पहिल्याच वेळी सरळ गेला पाहिजे. थोडा जरी इकडे तिकडे झाला तर जनावर जखमी होऊन रानात हिंडत राहील. ते बघवेल का आपल्याला?" ज्या रानडुकराला ते जन्मात हात लावणार नव्हते, त्याला त्रास होऊ नये म्हणून त्यांना रात्रीची झोप लागत नव्हती. पिसांचं त्यांनी मला सोपं करून सांगितलं. शिकारीच्या बाणाचं टोक जड आणि रुंद, ते बाणाला पुढून भलतीकडे ओढू बघतं. म्हणून मागे पिसं खंबीर हवीत. पण फार मोठी घेतली तर बाजूचा वारा पकडतात आणि उडताना आवाज करतात, तो आवाज जनावराला ऐकू जातो. लहान घेतली तर शांत जातात, पण बाण सावरायला वेळ लागतो. तीन लावावीत की चार, सरळ लावावीत की किंचित पीळ देऊन, यावर त्यांचं मत दर आठवड्याला बदलायचं आणि प्रत्येक वेळी ते आधीच्यापेक्षा ठाम असायचं.

पुण्याहून ताई रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर दिसायची. जेवणाचं टेबल बाणांनी भरलेलं तिला तिकडून दिसत असे. एकदा भावोजी तिला म्हणाले, "पुढे जड माणूस असला की मागचं माणूस खंबीर लागतं बघ." ताई म्हणाली, "कळलं. वजन केलंत का या महिन्यात?" पण तिने खरं पकडलं ते पिसांच्या बाबतीत. सेनसेईंचं मत होतं की खरी पिसं, म्हणजे टर्की पक्ष्याची, प्लास्टिकपेक्षा जास्त क्षमाशील असतात, हात थोडा चुकला तरी सांभाळून घेतात. भावोजींना ते तत्त्वतः पटलं होतं. पण मेलेल्या पक्ष्याचं पीस घरात आणायला ते तयार होईनात. ताई कॉम्प्युटरमधून त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाण रानडुकरासाठी आणि पिसं शाकाहारी?" भावोजींनी नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "रानडुकराचं नक्की नाही. पक्षी मात्र नक्की गेलेला असतो."

त्यांच्या प्रयोगांत माझी भूमिका ठरलेली होती. मी रानडुक्कर. मैदानावर मला कडेच्या बाकावर पाठ करून बसवायचे आणि सेनसेईंच्या परवानगीने एकेक बाण सोडायचे. कुठल्या पिसांचा आवाज जास्त झाला ते मी सांगायचं. मी म्हणायचो, सगळे ठक असेच वाजतात. "ठक नंतरचं आहे. तू त्याच्या आधीचं ऐक," ते म्हणायचे. "तू माणूस म्हणून ऐकतोयस. तू पाला खातोयस, आणि तुझे कान उभे आहेत." मी पाला खातोय असं मनात आणायचा प्रयत्न केला, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा मला फरक ऐकूही आला. घरी ते बाण मधोमध दोऱ्याने बांधून कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगायचे आणि समोर टेबलफॅन लावायचे. बाण वाऱ्याकडे तोंड करून डोलत राहायचा आणि आम्ही दोघं चहाचे कप घेऊन त्याच्याकडे बघत बसायचो. एखादा शेजारी डोकावला असता तर त्याला वाटलं असतं, ही भारतीय लोकांची काहीतरी पूजा असणार.

पुढे शरद ऋतूत ताई आणि सई परत आल्या. मी माझं बिऱ्हाड फुनाबोरीला परत नेलं, पण शनिवार-रविवार ओजिमालाच असायचो. सई बदलून आली होती. खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी तिचे डोळे छतातल्या दिव्याच्या लोंबत्या दोरीकडे जायचे. दोरी स्थिर दिसली तरच ती घास तोंडात घालायची. लिफ्टमध्ये तर ती पाऊल ठेवेना. भूकंपात लिफ्ट बंद पडतात हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. शाळेतून आली की सात मजले चढून यायची, आणि बँकेतून लवकर येता आलं त्या दिवशी भावोजी तिच्याबरोबर चढायचे. त्यांना दम लागायचा. मधल्या मजल्यांवर ते रेंगाळायचे, पण "घाबरायचं काय त्यात" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. घरात मराठी बोललं की ती जपानीत उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. दाइजोबु. म्हणजे ठीक आहे. ताईला तो शब्द ऐकला की रडू यायचं, कारण काहीच ठीक नव्हतं. एक दिवस ती मला म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघते. नाही रुळली तर मी तिला घेऊन कायमची पुण्याला जाते. यांनी राहू दे इथे नोकरी संपेपर्यंत." भावोजी शेजारच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. नंतर बघतो तर ते टेबलापाशी बसून सईला विचारत होते, "सई, या बाणाला रंग कुठला लावावा? माझं ठरत नाहीये."

सईने ते मनावर घेतलं. वडिलांचं काहीच ठरत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं, त्यामुळे तो बहाणा तिला खरा वाटला, आणि तो खरा होताही. दोन पांढरी आणि एक नारिंगी, तिने निर्णय दिला. मग पिसं चिकटवायच्या कामात ती मदतनीस झाली. त्याला एक छोटं यंत्र असतं. बाण त्यात उभा करायचा, पीस चिमट्यात धरायचं, त्याच्या कडेला गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि चिमटा दांडीवर टेकवून ठेवायचा. गोंद वाळेपर्यंत धक्का लागता कामा नये. लगेच चिकटणारे गोंद मिळतात, पण घाईच्या गोंदावर भावोजींचा विश्वास नव्हता. त्यांनी सगळ्यात सावकाश वाळणारा गोंद शोधून काढला होता. तो वाळेपर्यंत बापलेक टेबलावर हनुवट्या टेकवून पिसाकडे बघत बसायचे. एका रविवारी असंच चाललं होतं. ताई स्वयंपाकघरात होती, मी लसूण सोलत होतो. फोनवर भूकंपाची सूचना वाजली आणि पाठोपाठ खिडक्या खडखडायला लागल्या. सई क्षणात टेबलाखाली गेली. पण जाताना तिने हात वर करून ते यंत्र बाणासकट खाली ओढून घेतलं आणि पोटाशी धरलं. भावोजीही तिच्या मागोमाग खाली शिरले, टेबल छोटं असल्यामुळे अर्धे बाहेर राहिले. हादरे थांबले तेव्हा आम्ही वाकून बघितलं. पीस वाकडं चिकटलं होतं आणि गोंद सईच्या शाळेच्या स्वेटरला लागला होता. भावोजींनी बाण डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितला. "पीळ आला याला," ते म्हणाले. "मला एवढा पीळ द्यायचा धीर होत नव्हता." सई टेबलाखालीच हसायला लागली. ती परत आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं.

तो बाण काही सरळ गेला नाही. भावोजींनी सगळे उपाय केले, पण तो डावीकडेच जायचा. त्यांनी सईला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मग आणखी एक करू. त्या थंडीत त्यांनी बरेच केले.

मे महिन्यात सेनसेईंनी आम्हाला तोक्योशेजारच्या चिबाच्या डोंगरात नेलं. तिथे देवदारांमधून आणि बांबूमधून पायवाट आहे, आणि वाटेत जागोजागी फोमची जनावरं उभी केलेली असतात. कोल्हा, हरीण, अस्वल. त्यांच्यावर बाण मारत पुढे जायचं. म्हणजे शिकारीचं सगळं सुख, आणि जनावर फोमचं. भावोजींसाठीच कुणी ही सोय केली असावी. ताईला डोंगर चढायचा नव्हता, ती सेनसेईंबरोबर मागून सावकाश येत होती. भावोजी, सई आणि मी पुढे होतो. एका वळणावर फोमचं रानडुक्कर दिसलं. भावोजी थांबले. इतक्या विचारांचं शेवटी काहीतरी समोर उभं होतं. त्यांनी पाय नीट रोवले, पांढऱ्या-नारिंगी पिसांचा बाण लावला, दोरी ताणली आणि नेहमीप्रमाणे विचार करत राहिले. तेवढ्यात मागचे बांबू हलले आणि खरी रानडुकरीण बाहेर आली.

मी तोवर रानडुक्कर पाहिलेलं नव्हतं. ते चित्रातल्यापेक्षा फार मोठं असतं. तिच्यामागून पिल्लं निघाली, अंगावर पट्टे असलेली, खरबुजाएवढी. ती फोमच्या डुकरापाशी गेली, त्याला एकदा हुंगलं, आणि मग तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं. पिल्लांबरोबरची मादी अंगावर येते एवढं मला माहीत होतं. भावोजींचा बाण ताणलेलाच होता, आणि तो तिच्या अंगाच्या रोखाने होता. त्यांनी दोरी अगदी सावकाश, श्वासाबरोबर, परत आणली. बाण जमिनीकडे वळवला. एक पाऊल बाजूला टाकून ते सईच्या समोर उभे राहिले, आणि लिफ्टच्या दारात शेजारच्या आजींना म्हणायचे त्याच अदबीने, हलक्या आवाजात त्या डुकरिणीला म्हणाले, "ओसाकिनी दोझो." तुम्ही आधी जा.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वाट ओलांडून पलीकडच्या झाडीत उतरली. पिल्लं मागोमाग गेली. एक मागे राहिलं होतं, ते गडबडीने धावत गेलं. बांबू हलायचे थांबले तेव्हा भावोजी जवळच्या मुळावर बसले. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी मांड्या धरल्या, पण पाय थांबेनात. सई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिने त्यांच्या पायांकडे बघितलं, मग वर झाडाकडे बघितलं. तिथे एक वेल लोंबत होती.

"बाबा, तुझेच पाय हलतायत," ती म्हणाली. "जमीन नाही हलत."

ती मराठीत बोलली हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"नक्की?" भावोजींनी विचारलं.

"नक्की. ती वेल बघ. हलत नाहीये."

भावोजींनी वेलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान डोलावली. सईने तिचे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर दाबून धरले. तेवढ्यात सेनसेई आणि ताई येऊन पोचल्या. काय झालं ते मी सांगितलं. ताईने सईला जवळ घेतलं आणि भावोजींकडे बघून म्हणाली, "तुम्हाला लागलं नाही ना?" सेनसेईंनी विचारलं, "बाण सोडला नाहीत?" भावोजी म्हणाले, "आवाज झाला असता. पिल्लं दचकली असती." सेनसेईंनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. सेनसेई चेष्टा करणाऱ्यांपैकी नव्हत्या.

ओजिमाला परत आलो तेव्हा सगळे दमलेलो होतो. भावोजी सवयीने जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून सईची वाट बघत थांबले. सई लिफ्टसमोर उभी होती. तिने बटण दाबलं. दार उघडलं, ती आत गेली, आणि दार मिटू नये म्हणून आतून बटण दाबून धरलं. "बाबा, हायाकु," ती म्हणाली. लवकर ये. भावोजी लवकर आले. त्यांना लवकर काही करताना मी तेवढं एकदाच पाहिलं. परत आल्यापासून ताई दुकानातून तांदळाची अगदी लहान पिशवी आणायची, जाताना उरायला नको म्हणून. पुढच्या रविवारी मी गेलो तर स्वयंपाकघरात मोठं पोतं होतं.

त्यांची बदली मग कितीतरी वर्षं पुढे गेली. माझं लग्न झालं, मीही ओजिमात घर घेतलं, सई माझ्याएवढी उंच झाली. आणि एका वसंतात मुंबईचा हुकूम आला. ताई आणि सई कॉलेजच्या प्रवेशासाठी आधी गेल्या, घर आवरायला भावोजी मागे राहिले. धनुष्य आणि सगळं सामान त्यांनी सेनसेईंच्या वर्गाला देऊन टाकलं. निघायच्या दिवशी मी गेलो तेव्हा घर रिकामं होतं. पडदेही काढलेले. आम्ही कोंबिनीतून आणलेला चहा घेऊन उघड्या जमिनीवर बसलो. ऊन थेट आतपर्यंत येत होतं.

"एक विचारायचं राहिलं होतं," भावोजी म्हणाले.

"विचारा ना."

"त्या वर्षी सगळे परत गेले. तुझं ऑफिस तिकीट देत होतं, असं ताई मागे कधीतरी म्हणाली." ते कपाकडे बघत होते. "तुला जायचं होतं का?"

आई तेव्हा रोज फोनवर रडत होती. तिकीट आलेलं होतं, आणि वरणासाठी भावोजींचा फोन आला तेव्हा माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तीच बॅग घेऊन मी फुनाबोरीहून ओजिमाला आलो होतो.

"नव्हतं," मी म्हणालो.

भावोजींनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण कागदपत्रातलं चुकलेलं अक्षर दिसल्यावर ते जसे क्षणभर थांबत तसे थांबले, आणि मग ते अक्षर त्यांनी तसंच जाऊ दिलं.

"विचारायला फार उशीर केला मी," ते म्हणाले.

"ठरत नव्हतं का, कसं विचारायचं?"

"नाही. धीर होत नव्हता."

बाहेर कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला. भावोजी उठले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आमच्या नात्यात असं काही करायची पद्धत नव्हती, त्यामुळे दोघांनाही पुढे काय करावं ते कळेना, आणि हात बराच वेळ तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "चल, गाडी आली असेल."

आता त्या घरात दुसरं कुटुंब आहे. माझ्या स्टेशनच्या वाटेवरच ती इमारत आहे. गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत असतात, मोजे, शाळेचा गणवेश, कधी एखादं दुपटं. ऑफिसला उशीर झालेला असतो. तरी मी तिथे आलो की चाल थोडी कमी करतो, सातव्या मजल्याकडे बघतो, आणि मग स्टेशनकडे चालू लागतो.